खडा नसलेलं दुखणं

फराळाचं ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्यांची आधीच माफी मागते, कारण मला लिहायचंय ते आतड्यांविषयी. मी पोटविकारांची डॉक्टर. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात तीसेक वर्षं काम केलं, आता आठवड्यातून दोनच दिवस बसते. आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं, की शशांकला वगळून मला माझ्या कामाविषयी एक परिच्छेदही लिहिता येत नाही. आमची मैत्री जुनी आहे, पण खरं कारण ते नव्हे. मला त्याचा कायम हेवा वाटत आला, हे खरं कारण.

शशांक हे त्याचं खरं नाव नाही. मी लेख लिहितेय असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, खरंच नाव घाल की! फोटोही देतो." असा माणूस. म्हणून मुद्दाम बदललं.

आम्ही एकाच वर्गात शिकलो. तो सर्जन झाला, मी औषधाच्या बाजूला गेले आणि पुढे पोटाकडे वळले. रुग्णालयात आमच्या खोल्या समोरासमोर. त्याच्या टेबलावर काचेच्या छोट्या बाटल्या असायच्या आणि त्यांत पित्ताशयातून काढलेले खडे. काळे, पिवळे, काही तर मोत्यांसारखे. ऑपरेशन झालं की हिरवा गाऊन घालूनच तो बाहेर यायचा आणि नातेवाइकांच्या हातात बाटली ठेवायचा. "हा बघा, हा त्रास देत होता." बस्स. पुढे काही सांगावंच लागायचं नाही. बाटली हातोहात फिरायची, मोबाइलवर तिचे फोटो निघायचे, कुणीतरी त्याच्या पाया पडायचं. दिवाळीत त्याच्या खोलीत मिठाईचे डबे ठेवायला जागा नसायची आणि तो उदारपणे दोनतीन माझ्याकडे पाठवायचा. मी ते सिस्टरना वाटून टाकायचे.

माझ्या खोलीतून माणसं बाहेर पडायची ती कपाळाला आठ्या घालून. सदाशिव पेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांची मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली आणि आनंदाने सांगितलं, की सगळं स्वच्छ आहे. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, "आपण एवढा कॅमेरा आत घातलात आणि सापडलं काहीच नाही. मग इतका वेळ आपण बघत काय होतात?"

त्यांना जे समजावलं ते इथेही थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आतडं कापलं तर दुखत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण मी रोज बघत आलेय. तपासणीच्या वेळी मी चिमट्याने आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढते तेव्हा जागा असलेला माणूस माझ्याशी मुलीच्या लग्नाविषयी बोलत असतो. त्याला पत्ताही नसतो. पण आतडं नीट दिसावं म्हणून जरा जास्त हवा भरली, की तोच "आई गं" करून पाय आखडतो. आतड्यातल्या नसांना सुरी कळत नाही, ताण कळतो. भिंतीच्या थरांमध्ये त्यांची बारीक टोकं पसरलेली असतात. भिंत ताणली गेली की ती वर निरोप पाठवतात. अस्तरातही काही खास पेशी असतात. आत आलेलं अन्न, आम्ल, जंतूंचं विष या सगळ्याची त्या जणू चव घेतात आणि एक रसायन सोडून शेजारच्या नसेला जागं करतात. यातले बहुतेक निरोप आपल्याला कळतच नाहीत. घास कुठवर सरकला हे दिवसभर कळत राहिलं असतं तर माणसाला दुसरं काही सुचलं नसतं.

जे निरोप पोचतात त्यांचा पत्ता धड नसतो. हाताला डास चावला तर डोळे मिटूनही बोट नेमकं तिथे जातं. पोटात दुखलं की माणूस सगळ्या पोटावरून तळवा फिरवतो आणि म्हणतो, "इथे. इथेच कुठेतरी." पित्ताशयाचं दुखणं कधी उजव्या खांद्यात जाणवतं, कारण दोन्हीकडच्या नसा मज्जारज्जूत शेजारीशेजारी येऊन मिळतात आणि मेंदूचा गोंधळ होतो.

शिवाय काही नसा एरवी झोपलेल्या असतात. जोराचे जुलाब झाले, आत सूज आली, की त्या जाग्या होतात. आजार बरा झाला की त्यांनी पुन्हा झोपावं. काहींच्या बाबतीत त्या झोपत नाहीत. मग साधा वरणभात खाल्ल्यावर भिंत जेवढी ताणली जाते, तेवढा ताणसुद्धा दुखणं म्हणून वर कळवला जातो. रक्त, सोनोग्राफी, सीटी स्कॅन सगळं नॉर्मल येतं आणि माणूस खरोखर कळवळत असतो. माझे निम्मे पेशंट असे होते. त्यांना बाटलीत घालून देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

संगीता त्यांतलीच. खराडीची. एके काळी त्यांच्या घरची ज्वारीची शेतं होती, आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि नवरा, बाळासाहेब, जमिनीचे व्यवहार करतात. विषमज्वरासारखा ताप आणि जुलाब होऊन गेल्यापासून तिचं पोट दुखत होतं. जेवली की वरच्या पोटात पीळ पडायचा. ती जेवायलाच घाबरायला लागली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"मॅडम, रिपोर्ट समदं नॉर्मल हाय," बाळासाहेब म्हणाले. "फकस्त येक खडा हाय म्हणत्यात पित्ताच्या पिशवीत. त्यो काढला की झालं न्हवं?"

खडा होता, पण अगदी लहान आणि निवांत. तो दुखवतोय असं मला वाटत नव्हतं, कारण तिच्या दुखण्याची तऱ्हा वेगळी होती. मी म्हणाले, "खड्याला राहू द्या. दुखणं नसांचं आहे." आणि वरचं सगळं समजावलं. संगीता लक्ष देऊन ऐकत होती. बाळासाहेब माझ्या खोलीच्या उघड्या दारातून समोर, शशांकच्या टेबलाकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात शशांकने तिचं पित्ताशय काढलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खडा आहे, पोट दुखतंय, पुष्कळ सर्जनांनी तेच केलं असतं. तीनचार महिने संगीताला बरंही वाटलं. ती जेवायला लागली. शशांककडे पेढ्यांचा मोठा डबा आला आणि त्याने तो उघडून माझ्यापुढे धरला. "घे. तुझ्याच पेशंटचे आहेत." मी एक पेढा घेतला आणि तो चांगला होता हेही मला सहन झालं नाही.

मग संगीता परत आली. एकटीच आली, आणि त्याच्याकडे न जाता माझ्याकडे आली. पीळ पुन्हा सुरू झाला होता, आधीपेक्षा जोरात. खड्याची बाटली बाळासाहेबांनी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला.

"त्यो खडा तिकडं शोकेसात हाय, मॅडम," ती म्हणाली, "आन दुखणं माझ्यापाशीच ऱ्हायलं. आता घरात म्हणत्यात, खडा निघाला तरी रडती, म्हंजी नाटकं हायती."

ती नाटकं नव्हती. तिला कमी मात्रेत नसा शांत करणारी गोळी दिली, खाण्याचं वेळापत्रक आखून दिलं, पोटाने श्वास घ्यायला शिकवलं. बऱ्याच महिन्यांनी तिची बांगडी पुन्हा मनगटावर थांबायला लागली. त्या दिवाळीला बाळासाहेब सहकुटुंब आले. समोरच्या खोलीत. डबा शशांकला दिला, जाताना माझ्या दारात डोकावून म्हणाले, "मॅडम, बरं हाय आता. साहेबांचा हातगुणच तसा हाय."

मी हसून हात जोडले. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

शशांकला मी संगीताविषयी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मेधा, तुझ्या या नसांचं शास्त्र मला मान्य आहे. पण मी इतकी पोटं उघडून बघितली, मला एकदाही ती चिडलेली नस दिसली नाही. निम्म्या बायका मनाने आजारी असतात. तू त्यांचे लाड करतेस." त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, हे जास्त झोंबलं. जे दिसत नाही त्याच्यावर तो विश्वास ठेवत नसे, आणि ज्याच्या धंद्यात सगळं दिसतं त्याला तसं राहणं परवडतं.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या जेवणानंतर शशांक जुलाबांनी चांगलाच आजारी पडला. ताप, सलाइन, सगळं झालं. आठवड्याभरात बरा होऊन कामावर आला. पण बरा झाला नव्हता. डाव्या कुशीत खाली कळ यायची, जेवलं की पोट फुगायचं, भर ओपीडीत उठून पळावं लागायचं. आधी त्याने कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस ऑपरेशन अर्ध्यावर असताना त्याला अशी कळ आली, की मदतीला असलेल्या डॉक्टरच्या हातात सगळं सोपवून तो भिंतीला टेकून खाली बसला. त्यानंतर त्याने ऑपरेशनं घेणंच थांबवलं.

तो माझ्याकडे आला. तपासण्या मीच केल्या. दुर्बीण, रक्त, स्कॅन. सगळं स्वच्छ. त्याच्या समोर बसून तेच शब्द उच्चारले, जे इतकी वर्षं इतरांना सांगत होते. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, शशांक."

"काहीतरी राहिलंय," तो म्हणाला. "परत बघ."

परत बघितलं. मग तो मुंबईला जाऊन आला. तिथेही नॉर्मल. त्याला खात्री झाली, की आत कॅन्सर आहे आणि आम्ही सगळे एकतर आंधळे आहोत किंवा लपवतोय. वजन उतरलं, आवाज बारीक झाला. नंतर एक दिवस दुपारी त्याच्या बायकोचा, अनुराधाचा, फोन आला.

"मेधा, अगं हा इथे ॲडमिट झालाय. आपल्याच हॉस्पिटलात. उद्या सकाळी स्वतःचं पोट उघडून घेतोय. त्याचाच विद्यार्थी करणार आहे, तो बिचारा सरांना नाही कसं म्हणणार? तू ये ना."

मी गेले. शशांक पेशंटच्या कपड्यांत खिडकीशी बसला होता. इतकी वर्षं बघत असूनही मला तो क्षणभर ओळखू आला नाही.

"समजवायला आली असशील तर नको," तो म्हणाला. "आत काही नसताना माणूस असा वाकत नाही."

"आत काही नाही असं मी एकदाही म्हटलेलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आहेत, एवढंच म्हटलं."

"मग दाखव."

"उघडलंस तर तुला गुळगुळीत, गुलाबी आतडं दिसेल. ते बघून तू आणखी घाबरशील. जखम भरताना आतडी एकमेकांना चिकटली तर खरंच अडचण होईल, आणि आधीच चवताळलेल्या नसा आणखी चवताळतील. हे सगळं तू तुझ्या पेशंटना सांगतोस. उद्याच्या आधी मला एक तपासणी करू दे. फुग्याची."

ही तपासणी त्याला माहीत होती. तो तिला माझं खेळणं म्हणायचा. बारीक नळीच्या टोकाला एक मऊ फुगा असतो. तो गुदाशयात ठेवायचा आणि यंत्राने थोडी थोडी हवा भरायची. पेशंटने सांगायचं: आता काहीतरी कळलं, आता जावंसं वाटलं, आता दुखलं. निरोगी माणसाला बरीच हवा भरेपर्यंत दुखत नाही.

अनुराधाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो उठला.

तपासणीच्या खोलीत तो कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपला. मी अगदी थोडी हवा भरली. तेवढ्याने बहुतेकांना गॅस झाल्यासारखं वाटतं, फार तर. शशांकने पलंगाची कड धरली.

"बस! हेच! मेधा, हेच ते दुखणं!"

मी हवा काढली. तो धापा टाकत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मी घाबरलोय म्हणून असेल. मनाचं असेल."

"बघू."

मग मी त्याला न सांगता कधी हवा भरली, कधी नुसताच यंत्राचा आवाज केला आणि काहीच भरलं नाही. त्याला यंत्र दिसत नव्हतं. काही न भरता आवाज केला की तो म्हणायचा, "काही नाही." हवा भरली की कळवळायचा. दर वेळी जवळपास त्याच मापाला. एकदाही चुकला नाही.

मी यंत्र बंद केलं आणि त्याला पडद्यावरच्या रेषा दाखवल्या. तो उठून बसला, चष्मा लावला आणि खूप वेळ बघत राहिला.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं समोरच्या खोलीत बसून ज्याने माझ्या नसांना हसण्यावारी नेलं, त्याच्याच नसांनी माझ्या बाजूने साक्ष दिली होती. मनात आलं, आता बोल. पण त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"त्या सगळ्या जणी," तो म्हणाला, "खरं सांगत होत्या गं."

आनंद कुठे गेला कळलं नाही. सिस्टर बाहेर जाऊन उभी राहिली.

सकाळचं ऑपरेशन रद्द झालं. गोळी लिहून दिली तर शशांकने पाकीट उलटसुलट केलं. "ही डिप्रेशनची गोळी आहे. मला काय वेडा ठरवतेस?" सर्जन असो नाहीतर खराडीचे बाळासाहेब, हा प्रश्न सगळे विचारतात. मी सांगितलं, की मेंदूत जी रसायनं निरोप पोचवतात त्यांतली बरीचशी आतड्यांतही असतात, काही तर आतड्यांतच जास्त. अगदी कमी मात्रेत ही गोळी नसांचा आवाज कमी करते. लगेच नाही, काही आठवडे लागतात. तो म्हणाला, "काही आठवडे? मी तासाभरात बरं करतो लोकांना." मी म्हणाले, "म्हणून तर तुझ्याकडे डबे येतात."

तो हळूहळू बरा झाला. पूर्ण नाही, लग्नातलं जेवण अजून टाळतो. पण ऑपरेशनं पुन्हा घ्यायला लागला. पहिलं ऑपरेशन करून आला तेव्हा माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "दोन तास उभा होतो. काही नाही झालं." मला वाटलं, आता हा माझे आभार मानेल. तो म्हणाला, "अनुराधा रोज ताक देते, त्याने खूप फरक पडला."

पुढे आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. शशांकने तिथे माइक हातात घेऊन आपल्या आजाराची हकिगत सांगितली. सांगतो छान. लोक हसले, मग गप्प झाले, मग टाळ्या वाजल्या. फुग्याच्या तपासणीपर्यंत आला तेव्हा म्हणाला, "शेवटी मी स्वतःच ठरवलं, की आपल्या नसा तपासून घ्यायच्या." मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारच्या वर्गमैत्रिणीने विचारलं, "तू पण पोटाचंच करतेस ना गं?"

आता शेवटचं. हे गेल्या वर्षीचं.

हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारी एक मुलगी, पंचविशीची असेल, आईबरोबर शशांककडे आली होती. दोन हॉस्पिटलं करून झालेली. हातात रिपोर्टची जाड फाइल, सगळं नॉर्मल. मी काहीतरी विचारायला त्याच्या खोलीत शिरत होते, दारातच थांबले.

"ऑफिसमध्ये सगळे म्हणतात स्ट्रेस आहे, इग्नोर कर," ती सांगत होती. "सर, मी इग्नोर कसं करू? मीटिंगमधून उठून जावं लागतं. लिटरली रडायला येतं."

एरवी शशांकने फाइल उघडली असती. त्याने ती बाजूला ठेवली.

"जेवल्यावर होतं ना? आधी फुगल्यासारखं, मग इथे खाली पीळ?"

"हो."

"आणि डॉक्टर म्हणतात काही नाही, तेव्हा वाटतं की आपल्यालाच वेड लागलंय?"

मुलगी बाजूला ठेवलेल्या फाइलीकडे बघू लागली.

"दुखतं ते खरं आहे, बाळा," शशांक म्हणाला. "मलाही दुखायचं. अगदी असंच."

ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मोकळी होऊन, मोठ्याने. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शशांककडे देवाकडे बघावं तसं बघितलं. मी दारात उभी होते. त्याच्या खोलीत इतके पेढे येताना बघितले, पण त्याचा हेवा इतका पोटातून कधी वाटला नव्हता. मला कधी साधी कळसुद्धा आलेली नाही. काहीही खाते, पचतं.

त्याने मला पाहिलं आणि खूश झाला. "बरं झालं आलीस. या मॅडम तुमचं पुढचं बघतील हं. आमच्याकडच्या एक्स्पर्ट आहेत."

मी त्या दोघींना माझ्या खोलीत आणलं. बसवलं, पाणी दिलं, कागद घेऊन आतड्याचं चित्र काढायला सुरुवात केली. ताण कसा कळतो, नसा कशा जाग्या होतात. मुलगी मान डोलावत होती. तिचे डोळे पुसून झाले होते आणि चेहरा हलका दिसत होता. काम झालेलंच होतं, मला फक्त औषध लिहायचं होतं.

मी लिहीत असताना आई जरा पुढे झुकली. "मॅडम, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"तुम्हालाही होतं का हो असं कधी?"

"नाही," मी म्हणाले.

"असं होय," आई म्हणाली, आणि तिने मान वळवून समोरच्या दाराकडे बघितलं.